चित्रांतून पुसलेली राणी



अहमदनगराहून, म्हणजे आजच्या नांवानें अहिल्यानगराहून, छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें आपण निघालों, कीं नेवासें तालुक्यांत घोडेगांव लागतें. जनावरांच्या बाजाराचें हें गांव. शिंगणापूरच्या शनिदेवाला जाणारे यात्रेकरूहि येथूनच वळतात. बाकीचे प्रवासी चहा घेऊन पुढें जातात, आणि मीहि तशांपैकींच एक. परंतु येथून फार लांब नसलेल्या दोन ठिकाणीं दोन ग्रंथ जन्माला आले, हें एकदां ध्यानांत आल्यापासून मला या गांवावरून नुसतें निघून जाववत नाहीं. ईशान्येस नेवासें, तेथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नैर्ऋत्येस नगर, तेथें पावणेतीनशें वर्षांनंतर निजामशाही दरबारांत एक सचित्र फारसी ग्रंथ तयार झाला. पहिला ग्रंथ घरोघरीं आहे. दुसऱ्याचें नांवसुद्धां नगर जिल्ह्यांतील सुशिक्षित माणसाच्या कानांवर क्वचितच आलेलें असतें. 'तारीफ-इ-हुसेनशाही' असें तें नांव आहे. माझ्या आजच्या भाषणाचा विषय तो ग्रंथ, आणि विशेषेंकरून त्यांतील एक स्त्री.

तिच्याकडे वळण्यापूर्वीं आपणांस क्षणभर इंग्लंडांत नेतों. हातानें लिहिलेला आणि सोन्यारंगानें सजविलेला ग्रंथ ही त्या काळीं केवळ वाचावयाची वस्तु नव्हती. तें घराण्याचें वैभव होतें, आणि पुढच्या पिढ्यांपुढें ठेवलेला घराण्याचा दाखलाहि होता. लिंकनशायर परगण्यांत इर्नहॅम येथें सर ज्योफ्रे लट्रेल नांवाचा एक जमीनदार सरदार होऊन गेला. तो १३४५ सालीं वारला. त्यानें लॅटिन स्तोत्रांचें एक पुस्तक करवून घेतलें. पानें कमावलेल्या कातड्याचीं, आणि संख्या तीनशेंच्यावर. स्तोत्रें दाविदाचीं, पण समासांत काय नाहीं? नांगरणी आहे, पेरणी आहे, कापणी आणि मळणी आहे. मेंढ्यांचें दूध काढणाऱ्या बायका आहेत, पाणचक्की आहे, मुदपाकखाना आहे, भोजनास बसलेलें खुद्द लट्रेल कुटुंब आहे, आणि मधूनच कोठल्याहि प्राण्याशीं न जुळणारे विचित्र जीव आहेत. देवाच्या पुस्तकांत ही शेतकीची जत्रा कशाला, असें आपल्याला प्रथम वाटतें. ज्ञानेश्वरींतील कुणब्यांचे आणि पेरणीचे दृष्टांत आठवले, म्हणजे मग तसें वाटत नाहीं.

याच पुस्तकाच्या एका पानावर ज्योफ्रे चिलखत घालून घोड्यावर बसला आहे. पत्नी ॲग्नेस त्याला शिरस्त्राण देत आहे. मागें सून बीट्रिस ढाल घेऊन उभी आहे. घोड्याच्या झुलीवर, ढालीवर, दोघींच्या वस्त्रांवर, जेथें जागा मिळेल तेथें घराण्याचें चिन्ह काढलेलें आहे. वर एक ओळ आहे, आणि तींत पुस्तक स्वतःच बोलतें: या सरदारानें मला करविलें, असें तें सांगतें. घराण्याचें पुढें काय व्हावयाचें तें झालें, पुस्तक अनेक हातांतून फिरलें, आणि १९२९ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें मॉर्गन या अमेरिकन धनिकाकडून कर्जाऊ रक्कम घेऊन तें साडेएकतीस हजार पौंडांस विकत घेतलें. आज तें ब्रिटिश लायब्ररींत आहे. सहाशें वर्षें लोटलीं, परंतु त्या सासूसुना आपल्या जागेवरून हललेल्या नाहींत. एवढें लक्षांत ठेवून आतां नगरास परत येऊं.

हुसेन निजामशहा १५५३ सालीं गादीवर आला. त्याचें बहुतेक आयुष्य लढायांत गेलें, आणि त्या सर्वच कांहीं त्यानें जिंकल्या नाहींत. विजयनगरचा रामराय आणि विजापूरचा आदिलशहा यांच्या एकत्र फौजांनीं नगरला वेढा घातल्याचा अपमान त्याला सोसावा लागला होता. पुढें वारें फिरलें. दक्षिणेंतील सुलतान एक झाले, आणि ती एकी पक्की करण्यासाठीं सोयरिकी जुळल्या. हुसेनची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोलापूरचा किल्ला आंदण दिला, आणि अलीची बहीण नगरच्या राजपुत्राला केली. जानेवारी १५६५ मध्यें तालिकोट्याची लढाई झाली. रामराय पकडला गेला आणि हुसेनच्या हुकुमानें त्याचा शिरच्छेद झाला. हुसेनला हा विजय फार दिवस भोगतां आला नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत तो मरण पावला.

या राजाची तारीफ आफताबी नांवाच्या कवीनें फारसी मसनवींत गायिली. त्यांत राजाचे गुण आहेत, विवाहाचा सोहळा आहे, तालिकोट्याचा संग्राम आहे, आणि राणी खुंझा हुमायून हिच्या सौंदर्याचें भरपूर वर्णनहि आहे. राजस्तुतीच्या काव्यांत जनानखान्यांतील स्त्रीला इतका मान मिळावा, ही गोष्ट त्या काळच्या मानानें अपूर्व म्हटली पाहिजे. कवीनें जें शब्दांत केलें, तेंच चित्रकारानें रंगांत केलें. राणी राजाच्या शेजारीं सिंहासनावर काढली गेली. ग्रंथांतील चौदा चित्रांपैकीं बारा आज उरलीं आहेत. रामरायाचा वध त्यांत आहे, आणि राजवाड्यांतील सुखाचे प्रसंगहि आहेत. चित्रांतील बायकांच्या अंगांत चोळ्या आहेत, पाठीवर लांब वेण्या आहेत आणि वेण्यांच्या शेवटीं गोंडे आहेत. काव्य फारसी असलें तरी डोळ्यांना दिसतें तें या देशाचें. नगरच्या निजामशहांचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरांतला होता, ही फेरिस्त्यानें सांगितलेली हकीकत येथें सहज आठवते.

राजा जूनमध्यें गेला, आणि ग्रंथांत तर जानेवारींतील लढाई आहे. तेव्हां काव्य आणि चित्रें मिळून हें सारें काम राजाच्या हयातींत पुरें झालें असेल, हें संभवत नाहीं. तें राणीच्या अमलांत, १५६५ ते १५६९ या काळांत, सिद्धीस गेलें असावें असें जाणकार मानतात. आणि ग्रंथांतील तिचें स्थान पाहिलें, म्हणजे तो तिच्याच आश्रयानें झाला, या तर्काला बळकटी येते. पतीच्या विजयाचें स्मारक आणि आपल्या अधिकाराची साक्ष, असे दोन्ही हेतु त्यांत असावेत. मुलगा मुर्तजा लहान होता. राणी पडद्याआड बसून दरबार चालवी, फौजेबरोबर मोहिमेवर जाई. अशा स्त्रीला राजाच्या शेजारीं आपलें चित्र हवें वाटलें, तर तो केवळ हौसेचा भाग नव्हता. माझा हा बसण्याचा हक्क पूर्वींपासूनचा आहे, असें तें चित्र सरदारांना सांगत होतें.

आणि आतां हा ग्रंथ उघडला, म्हणजे काय दिसतें? राजा सिंहासनावर आहे. दासी आहेत, त्यांच्या वेण्यांचे गोंडेसुद्धां नीट दिसतात. राजाच्या शेजारीं मात्र रंगाचा डाग आहे. ज्या चित्रांत राणी होती, त्यांपैकीं बहुतेकांत तिची आकृति रंग फिरवून वा पुसून नाहींशी केलेली आहे.

हें कोणी केलें असावें? स्त्रीचें चित्र काढणें कोणा धर्मनिष्ठाला रुचलें नसेल, असें एक उत्तर सहज सुचतें. मला तें पटत नाहीं. तसें असतें तर त्या दासींवरहि हात फिरला असता. ज्यानें पुसलें, त्याला स्त्रिया नको होत्या असें नाहीं; त्याला एकच स्त्री नको होती. आणि तिचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. राणीनें आपल्या भावांना मोठ्या जहागिरी दिल्या होत्या, त्यामुळें जुने सरदार नाराज होते. मुलगा मोठा झाला, तसा तो त्यांच्या हातीं गेला. १५६९ मध्यें तिला पकडण्याचा बेत ठरला. बेत कळतांच ती शस्त्र कमरेला लावून घोड्यावर बसली, असें फेरिस्ता सांगतो. हा इतिहासकार लहानपणींच नगरास आलेला आणि पुढें मुर्तजाच्या पदरीं राहिलेला. तेव्हां त्याची माहिती घरची होती म्हणावयास हरकत नाहीं. तिचा प्रतिकार चालला नाहीं. मुलाच्या हुकुमानें आई कैदेंत गेली. चित्रांतील राणी पुसली गेली ती यानंतरच, असें अभ्यासक समजतात, आणि तेंच संभवनीय दिसतें.

येथें मला राहून राहून एका गोष्टीचें नवल वाटतें. ग्रंथ जाळतां आला असता. राणीचें पान फाडून टाकतां आलें असतें. तसें केलें नाहीं, कारण त्याच पानावर राजा होता, आणि राजा हवा होता. तालिकोट्याच्या विजेत्याचा मुलगा म्हणूनच मुर्तजा गादीवर बसला होता. बापाची तारीफ नष्ट करणें त्याला परवडणारें नव्हतें. म्हणून कोणा चित्रशाळेंतील माणसाच्या हातीं कुंचला दिला गेला, आणि त्यानें राजाला धक्का न लावतां राणी तेवढी काढली. कदाचित् ज्यानें ती काढली होती त्यालाच ती पुसावी लागली असेल. पण ही माझी कल्पना आहे, इतिहास नव्हे.

असा प्रकार आपल्याच दरबारीं घडला असें मात्र कोणी समजूं नये. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें १५३८ सालीं फर्मान काढून, टॉमस बेकेट या संताचें नांव सर्व पुस्तकांतून खोडून टाकण्यास सांगितलें होतें. राजसत्तेला विरोध करणारा धर्माधिकारी मेल्यावर साडेतीनशें वर्षांनींहि राजाला डोईजड वाटत होता! लोकांनीं घरोघरच्या प्रार्थनापुस्तकांतून, सोन्यानें मढविलेल्या पानांवरूनसुद्धां, तें नांव खरवडलें. त्यांपैकीं कित्येकांनीं अगदीं हलक्या हातानें खरवडलें, इतकें कीं खालचीं अक्षरें अजून वाचतां येतात.

ज्या मुलानें आईला कैद केलें, त्या मुर्तजाचा शेवट १५८८ सालीं स्वतःच्या मुलाच्या हातून झाला. राणीची मुलगी चांदबिबी मात्र वैधव्यानंतर नगरास परत आली, आणि १५९५-९६ च्या वेढ्यांत शहाजादा मुरादच्या मोगल फौजेसमोर उभी राहिली. सुरुंगानें पडलेलें खिंडार तिनें रातोरात बुजवून घेतलें, ही हकीकत शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. पण तिची आई कोण, हें त्यांना कोणी सांगत नाहीं. पडद्याआडून राज्य चालविणारी आणि मोहिमेवर जाणारी आई त्या मुलीच्या आठवणींत असणारच. १६०० सालीं तिलाहि आपल्याच माणसांनीं मारलें.

आतां घोडेगांवच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पुन्हां एकदां पाहूं. ज्ञानेश्वरीला ना सोनें होतें ना चित्रें. सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, आणि त्या वेळचा राजा रामचंद्र यादव याला ग्रंथाच्या शेवटीं उल्लेखापुरती जागा मिळाली. परंतु ज्या ग्रंथाला मालक नाहीं, त्याचा त्रास निराळा असतो. नकला करणारे आपल्या पदरच्या ओव्या घालीत गेले आणि पाठ बिघडत गेला. शेवटीं पैठणास एकनाथांनीं प्रती मिळवून शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढें कोणी तींत भर घालूं नये असें बजावून ठेवलें. हें साल मुर्तजाच्याच कारकीर्दींतलें, आणि पैठण त्याच्याच राज्यांतलें. एका राज्यांत, पंधरा वर्षांच्या अंतरानें, राजवाड्यांतल्या ग्रंथांतून कांहीं काढून टाकलें जात होतें, आणि गोदातीरीं एका ग्रंथांत शिरलेलें उपरें काढून मूळचें सांभाळलें जात होतें.

'तारीफ-इ-हुसेनशाही'ची ती प्रत आज पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. १९१० सालीं राजवाडे आणि मेहेंदळे यांनीं स्थापिलेल्या या संस्थेनें १९८७ मध्यें कुलकर्णी आणि माटे या दोन अभ्यासकांचें त्यावरील पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्यांना पुण्यास जाणें शक्य आहे त्यांनीं निदान तें पुस्तक तरी पाहावें. त्यांत दोहदाचें एक चित्र आहे. तरुण स्त्रीचा स्पर्श होतांच वृक्षाला बहर येतो, हा आपल्याकडील जुना कविसंकेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त अशोकाच्या दोहदावरच सारा प्रसंग उभा आहे. फारसी काव्याच्या पानांत नगरच्या चित्रकारानें तो आणून बसविला आहे. झाड फुललें आहे, आणि त्याला हात लावून ती स्त्री उभी आहे. तिच्यावर कोणी रंग फिरविलेला नाहीं.