खर्जाची पेटी : घरगुती सबवूफरची ऐतिहासिक व ध्वनिशास्त्रीय मीमांसा (विशेष संदर्भ : कंधार परिसर)

प्रस्तावना
मानवी कानास साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचा ध्वनी ऐकू येतो. यांपैकी अगदी तळाचे स्वर देणारा ध्वनिक्षेपक म्हणजे सबवूफर होय. कंधारसारख्या तालुक्याच्या गावी जीप वा मोटारीत बसविण्यासाठी त्याची प्लायवूडची पेटी सुताराकडून करून घेता येते. परंतु खर्ज पोकळ वाटू लागला की दोष ॲम्प्लिफायरला दिला जातो व अधिक वॅटवर पैसा खर्च होतो. चांगला खर्ज मुख्यतः पेटीतील हवेच्या योग्य नियोजनातून मिळतो, हे इतिहासाच्या आधारे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पारंपरिक पार्श्वभूमी
हे तत्त्व या भागास नवे नाही. लगतच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. वाघ्या-मुरळीच्या हातातील तुणतुण्याची तार एकटी छेडल्यास आवाज क्षीण येतो. पोकळ लाकडी नळकांडे व त्यास मढविलेले कातडे यांमुळे तो भरीव होतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यास भोपळा जोडतात, त्यामागेही हाच अनुभव आहे. डग्ग्याचे भांडे तळाशी बंद असते व कातड्यामागे कोंडलेली हवा कंपनात सहभागी होते. भारतीय चर्मवाद्यांवरील शाईचे शास्त्रीय महत्त्व सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखविले. कारागिरांच्या हातांना मात्र ते त्यापूर्वीच ज्ञात होते.

आधुनिक संशोधन
पोकळ पात्रातील हवा ठराविक कंप्रतेलाच प्रतिसाद देते, याचे विवेचन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात केले. राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या धाटणीचा ध्वनिक्षेपक मांडला. त्याच्या शंकूच्या पुढील व मागील बाजूंच्या लहरी परस्परविरुद्ध असतात. त्या एकत्र आल्यास खर्ज नाहीसा होतो. म्हणून पेटी आवश्यक ठरली. थुरास यांना १९३२ मध्ये नळीच्या पेटीचे पेटंट मिळाले; मागील लहर वाया न घालविता नळीवाटे उपयोगात आणणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. व्हिलचर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतील हवाच स्प्रिंगसारखी वापरून लहान पेटीतून खोल खर्ज मिळविला. पुढे थील (१९६१) व स्मॉल (१९७२-७३) यांनी ऑस्ट्रेलियात ध्वनिक्षेपकाच्या मोजमापांवरून पेटी आखण्याचे गणित सिद्ध केले. ही मोजमापे ध्वनिक्षेपकाच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस व व्हीएएस या नावांनी दिलेली असतात.

पेटीचे गणित
आतून ५० × ४० × २५ सेंमी मापाच्या पेटीचे घनफळ ५० लिटर भरते. तिला १० सेंमी व्यासाची, सुमारे १८ सेंमी लांबीची नळी बसविल्यास ती साधारणतः ४३ हर्ट्झला अनुनाद देते. हीच मापे बाहेरून धरून १८ मिमी प्लायवूड कापल्यास आत केवळ ३६ लिटर जागा उरते व नळीची कंप्रता ५१ हर्ट्झच्या आसपास जाते. लोहचुंबक व नळी यांनी व्यापलेली जागा तर याहून वेगळी वजा करावी लागते. नळीच्या कंप्रतेखाली हवेचा आधार सुटून शंकू अनावर हलतो. सांध्यांतील फटी व थरथरणाऱ्या फळ्या हेही खर्जाचे शत्रू आहेत. त्यासाठी सांधे सिलिकॉनने बुजवावेत व मोठ्या फळ्यांना आतून आडवा आधार द्यावा. याउलट, वॅट दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची वाढ होते. आवाज कानास दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात.

सामाजिक संदर्भ
ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ज्या ‘ए’ मापनात मोजली जाते, त्यात ४० हर्ट्झच्या ध्वनीस सुमारे ३५ डेसिबलची वजावट मिळते. परिणामी मीटरवरील आकडा मर्यादेत असूनही शेजारच्या घरातील आजारी माणसास व अभ्यासास बसलेल्या मुलास खर्जाचा त्रास होऊ शकतो. कायद्याच्या आकड्यावर विसंबून ही जबाबदारी टाळता येणार नाही.

निष्कर्ष
१. खर्जाची गुणवत्ता ही वॅटपेक्षा घनफळ, नळी व हवाबंद बांधणी यांवर अधिक अवलंबून असते.
२. सुतारास बाहेरील माप न देता आतील घनफळ सांगितल्यास बहुतांश दोष पेटी जोडण्यापूर्वीच टळतात.
३. योग्य पेटीतून कमी आवाजातही खर्ज भरीव लागतो. तुणतुणे घडविणाऱ्या हातांनी हेच जाणले होते. सुताराने केलेल्या सबवूफरच्या पेटीकडेही त्याच कारागिरीचा पुढील टप्पा म्हणून पाहणे उचित ठरेल.