'अर्नेस्ट'चा एर्नेस्तो : एका श्लेषाचे स्थलांतर

शब्दश्लेष आणि अर्थश्लेष यांतील भेद शिकविताना आपण मम्मटाची कसोटी सांगतो. शब्दाच्या जागी त्याचा पर्याय ठेवताच जो नाहीसा होतो तो शब्दश्लेष. पर्यायानंतरही जो टिकतो तो अर्थश्लेष. ही कसोटी एकाच भाषेपुरती सांगितलेली आहे. परंतु भाषांतरातही मूळ शब्दाच्या जागी दुसरा शब्दच ठेवला जातो. मग ज्या नाटकाचा डोलारा एका शब्दश्लेषावर उभा आहे, त्याच्या भाषांतरकाराने करावे तरी काय?

ऑस्कर वाइल्डचे 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' हे नाटक १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात प्रथम रंगमंचावर आले. नायक जॅक खेड्यात जॅक म्हणून राहतो आणि लंडनमध्ये अर्नेस्ट हे खोटे नाव लावतो. ग्वेंडोलेनचे प्रेम त्या नावावर आहे. 'अर्नेस्ट' हे विशेषनाम आणि त्याच उच्चाराचे विशेषण यांचा हा खेळ आहे. विशेषणाचा अर्थ गंभीर, कळकळीचा, मनापासून वागणारा. रग्बी शाळेच्या थॉमस अर्नॉल्डसारख्या शिक्षकांनी ज्या नैतिक गांभीर्याचा आग्रह धरला, त्याचेच हे व्हिक्टोरियन नाव होय. वाइल्डने ते उचलून एका थापाड्याला चिकटविले.

एक बारकावा सहसा निसटतो. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे उच्चार सारखे असले तरी वर्ण वेगळे आहेत. प्रेक्षकाच्या कानाला भेद कळत नाही. कागदावर मात्र एकाची निवड करावीच लागते. वाइल्डने शीर्षकात विशेषण छापले, नाव नव्हे. स्पॅनिशमध्ये रूढ झालेल्या 'ला इम्पोर्तान्सिया दे यामार्से एर्नेस्तो' या शीर्षकाने नेमके उलट केले. तेथे नाव राहिले आणि गुण गेला. 'एर्नेस्तो' मुळात त्याच जर्मानिक शब्दातून आलेला असला, तरी स्पॅनिश कानाला त्यात गांभीर्य ऐकू येत नाही. 'असणे' या क्रियापदाच्या जागी 'यामार्से', म्हणजे 'नाव असणे', हे क्रियापद आले.

मेक्सिकन निबंधकार आल्फोन्सो रेयेस यांनी 'एर्नेस्तो'ऐवजी 'सेवेरो' सुचविले. सेवेरो हे खरोखरीचे स्पॅनिश नाव आहे आणि त्याचा अर्थ कठोर, करडा असाही होतो. शिवाय 'असणे' हे क्रियापद परत आणता येते. तोडगा चतुर आहे यात शंका नाही. परंतु शीर्षक सोडून शेवटच्या प्रवेशाकडे पाहिले की अडचण दिसते. जॅकचा बाप्तिस्मा खरोखरच अर्नेस्ट या नावाने झाला होता, हे तेथे उघड होते. म्हणजे आयुष्यभर थापा मारताना तो नकळत खरेच बोलत होता. या कलाटणीला 'कठोर' हा अर्थ उपयोगी नाही. तेथे 'सच्चा' हा अर्थ हवा, आणि तो सेवेरोत नाही. फ्रेंचमध्ये 'कॉन्स्तां' हे नाव घेतले गेले. त्यात निष्ठा आली, गांभीर्य राहून गेले.

गंमत अशी की इंग्रजीत याच वर्णांचा आणखी एक शब्द आहे. तो व्युत्पत्तीने निराळा. अर्थ आपल्याकडचा 'इसार'. तो लॅटिन 'आर्रा'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. त्याच मुळापासून आलेला 'आर्रास' हा स्पॅनिश शब्द घराच्या व्यवहारातील इसारासाठी आणि विवाहविधीत वधूला दिल्या जाणाऱ्या तेरा नाण्यांसाठी आजही वापरतात. वाइल्डच्या मनात हा अर्थ होता असे मानण्यास आधार नाही. तरी जो अर्थ नाटकाला नको, त्याला स्पॅनिशमध्ये सख्खा भाऊ आहे. जो हवा, त्याला नाही.

मग 'एर्नेस्तो' हा केवळ पराभव मानायचा काय? मला तसे वाटत नाही. पहिल्या प्रयोगानंतर चारच दिवसांनी क्वीन्सबरीच्या मार्क्विसने वाइल्डच्या क्लबात ते कुप्रसिद्ध कार्ड ठेवले. वाइल्डवर खटला सुरू होताच नाटकाच्या जाहिरातींवरून त्याचे नाव काढण्यात आले, आणि मे महिन्यात खेळ बंद पडला. २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८९९ मध्ये नाटक पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. 'लेडी विंडरमिअर्स फॅन'चा लेखक एवढीच ओळख होती. सुटकेनंतर तो सेबॅस्टियन मेलमॉथ या नावाने वावरला आणि १९०० साली पॅरिसमध्ये वारला.

हा इतिहास ठाऊक असणाऱ्याला स्पॅनिश शीर्षकातील 'नाव असणे' हे क्रियापद निव्वळ उणे वाटणार नाही. भाषांतरकाराने ते या हेतूने योजले असेल असे नव्हे. पण समाजात माणसाच्या असण्यापेक्षा त्याच्या नावाला किंमत असते, हे नाटकाचे म्हणणे त्यात शाबूत आहे. हरवला आहे तो त्या समाजाच्या गांभीर्याला काढलेला चिमटा. वर्गात 'श्लेष साधला का?' एवढेच विचारले की चर्चा 'नाही' या उत्तरापाशी संपते. मूळ शब्दाच्या कोणत्या अर्थावर नाटकाचा शेवट उभा आहे, आणि भाषांतरकाराने कोणता अर्थ सोडला, हे विचारले तर ती तेथून सुरू होते.