चेहरा, आवाज आणि सोमवारचं मौन

सेवाग्रामला आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन ठेवलाय, आठवतो? व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तातडीच्या संपर्कासाठी तो बसवून घेतला होता. त्यावर माणसाचा नुसता आवाज पोचे, चेहरा नाही. आणि दर सोमवारी त्याच आश्रमात उलटा प्रकार! बापूंचं मौन. चेहरा समोर, उत्तर मात्र चिठ्ठीवर.

मग समोरच्याची भावना आपण डोळ्यांनी ओळखतो की कानांनी? आम्ही तत्त्वज्ञानवाले इंद्रियांची वेगवेगळी दुकानं मांडून बसायचो. 2000 साली नेदरलँड्समधले संशोधक द गेल्डर आणि व्रूमेन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आनंदी आणि दुःखी चेहऱ्यांच्या मधल्या पायऱ्यांची चित्रं तयार केली आणि सोबत एक वाक्य ऐकवलं, कधी आनंदी सुरात, कधी दुःखी. सूर बदलला की तोच चेहरा वेगळा वाटू लागला. ‘आवाजाकडे लक्ष देऊ नका’ असं बजावूनही परिणाम टिकलाच. म्हणजे ही ठरवून केलेली बेरीज नव्हे. मेंदूत चेहऱ्याचं काम एकीकडे, आवाजाचं दुसरीकडे. पण कानाच्या वरच्या बाजूला मेंदूत एक लांब खाच आहे, तिथे दोन्हीकडची माहिती एकत्र येते. चेहरा संदिग्ध असला की आवाजाचं वजन वाढतं.

आता 2 जून 1947. माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना नेत्यांपुढे ठेवली होती आणि गांधीजी काय म्हणतात याची त्यांना धास्ती होती. गांधीजी आले, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सोमवार होता! वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर त्यांनी लिहून दिलं. आशय असा, की तातडीच्या कामासाठी मौन सोडायची सवलत मी ठेवली आहे, पण आज मी बोलावं अशी तुमची इच्छा नाही, हे मला ठाऊक आहे. माउंटबॅटनना हायसं वाटलं.

त्या वाक्यात उपरोध होता, थकवा होता, की माणूस आतून तुटला होता? आम्हा वाचणाऱ्यांकडे कागद आहे. चेहरा नाही, आवाज नाही. माउंटबॅटनसमोर निदान चेहरा होता. आवाज नसल्यामुळे त्यांना त्या चेहऱ्यात हवं तेच दिसलं असेल, अशी माझी शंका आहे. प्रयोगशाळेतून थेट इतिहासात मारलेली ही उडी आहे, हे मान्य.

पाच महिन्यांनी, 12 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत गांधीजी दिल्लीच्या रेडिओ केंद्रात गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांकडे जाणं जमलं नव्हतं, म्हणून रेडिओवरून बोलले. छावणीला नुसता आवाज मिळाला. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं. मी ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे चेहरा आपोआप येतो, शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतला, हसरा. आणि त्या आवाजात तर हसू नाही.