दाबोळीची धावपट्टी

४ डिसेंबर २०२३. नौदल दिनानिमित्त तारकर्लीच्या किनाऱ्यावरून मिग-२९के विमाने कानठळ्या बसवीत गेली. कट्ट्याच्या बाजारात पुढे कित्येक दिवस एकच प्रश्न होता : ही विमाने येतात कुठून? उत्तर जवळचेच आहे. गोव्यातील दाबोळी येथील ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ. मात्र त्याची मूळ धावपट्टी बांधली पोर्तुगिजांनी, आणि तीही भारताला शह देण्यासाठी.

१९५४-५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वेही थांबली. जमिनीवरची वाट बंद झाल्यावर पोर्तुगीज सत्तेने आकाशाची वाट शोधली. मुरगाव बंदराजवळच्या पठारावर विमानतळ उभा राहिला, त्याला गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव मिळाले आणि १९५५ मध्ये स्वतंत्र विमानसेवाही स्थापन झाली. शेजारचे बेळगाव परके झाले, कराची मात्र जवळची झाली!

१८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी भारतीय वायुसेनेच्या १२ कॅनबेरा विमानांनी या धावपट्टीवर बॉम्बवर्षाव केला. नंतर दुसरी फेरीही झाली. लक्ष्य केवळ धावपट्टी होते, विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नव्हता. माझ्या मते या मोहिमेतील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच. जिंकून घ्यायची वास्तू कोण उद्ध्वस्त करील? तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही बचावली. त्याच रात्री, घाईने डागडुजी केलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या भागावरून, अंधारात, ती दोन्ही विमाने कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली.

आता नौदलाची अडचण पाहा. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९६१ मध्येच ताफ्यात आली होती. पण विमानवाहू नौकेला किनाऱ्यावर घर लागते. नौका बंदरात शिरण्यापूर्वी विमाने उडून जमिनीवर जातात. वैमानिकांचा सरावही मुख्यतः जमिनीवरच होतो. ‘हंसा’ तेव्हा कोइमतूरजवळ सुलूर येथे होता, म्हणजे समुद्रापासून बराच आत. याउलट दाबोळीची धावपट्टी संपते तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. गोव्यात मेजर जनरल कँडेथ यांचा लष्करी अंमल असतानाच, एप्रिल १९६२ मध्ये, नौदलाने दाबोळीचा ताबा घेतला आणि १९६४ मध्ये ‘हंसा’ तेथे आला. ‘विक्रांत’ची सी हॉक आणि अलिझे विमाने, १९८३ पासून सी हॅरियर, मग मिग-२९के, अशा साऱ्या पिढ्या येथेच नांदल्या. नौकेच्या डेकसारखा चढाचा उतरंड-मार्गही आता येथे जमिनीवर उभारलेला आहे. त्यावरून स्वदेशी तेजसच्या नौदल आवृत्तीने २०१४ मध्ये झेप घेतली.

या निर्णयाची किंमतही होती. नागरी प्रवासी नौदलाच्या अंगणातले पाहुणे ठरले. पर्यटन वाढले तरी सरावासाठी आठवड्यातील बहुतेक सकाळी नागरी उड्डाणे थांबत. जागा हवी ती दोघांनाही, आणि दोघांचीही गरज खरी. हा वाद दशकानुदशके चालला. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तोवर १९६२ च्या त्या ताब्याला साठ वर्षे उलटली होती. दाबोळीहून नागरी विमाने आजही उडतात, अर्थात नौदलाच्याच धावपट्टीवरून.

बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडील कुणाच्या आजी-आजोबांनी डिसेंबर १९६१ मधील त्या विमानांचा आवाज ऐकला असेल, तर त्यांची आठवण येथे जरूर लिहा.