हजेरीपटावर नाव कोण घालतो?

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत, कोर्टाच्या पायऱ्यांवर व वाचनालयांत अधिक झाले. त्यामुळे इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळीपेक्षा हजेरीपट आम्हांला आधी आठवतो. नवा माणूस कामावर लागला की त्याचे नाव कोठेतरी लिहिले जाते. ते कोण लिहितो, कशाच्या आधारे लिहितो आणि कोणाच्या मर्जीने खोडतो, या तीन प्रश्नांत कामगार चळवळीचा निम्मा इतिहास सामावलेला आहे.

मुंबईच्या गिरण्यांत हे नाव जॉबर घालीत असे. माणूस आणणारा तो, साच्यावर उभा करणारा तो आणि काढणाराही तोच. त्याला दस्तुरी द्यावी तेव्हा काम मिळे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने या प्रकारावर बोट ठेवले. पुढे १९३५ मध्ये मुंबईत बदली-नियंत्रणाची पद्धत आली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक माणसांना बदली कार्डे द्यावयाची आणि रोज सकाळी रिकाम्या जागा त्यांच्यामधूनच भरावयाच्या, असा नियम ठरला. कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा. त्याने जॉबर नाहीसा झाला नाही. परंतु मर्जीच्या शेजारी नियम येऊन बसला, हे काही थोडे नव्हे.

आता दुसरा धागा पाहू. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६१ साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय करून दाखविण्यात आली. यंत्र एक आणि माणसे अनेक. तेव्हा कोणाचे काम कोणते हे यंत्राने ओळखावे कसे? म्हणून प्रत्येकाला नाव व परवलीचा शब्द मिळाला. १९६५ मध्ये त्याच प्रणालीवर एकमेकांस निरोप ठेवण्याची सोय झाली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर टपाल धाडले. त्याच सुमारास निघालेल्या ‘युनिक्स’ या प्रणालीत सर्व माणसांची एक साधी यादी असे. माणशी एक ओळ आणि ओळीत सात रकाने: नाव, परवलीचा शब्द, क्रमांक, गट वगैरे. म्हणजे हजेरीपटच की!

नवा माणूस आला की या यादीत ओळ घालावयाची, त्याच्या कागदपत्रांना जागा करून द्यावयाची, त्याचा हक्क लावावयाचा. तीच ती कामे रोज हाताने करताना चूक होणारच. म्हणून त्या आज्ञा क्रमाने एका कागदावर लिहाव्या तशा लिहून ठेवल्या आणि यंत्राला ‘हे वाच आणि कर’ असे सांगितले. यालाच स्क्रिप्ट म्हणतात. आज मोठ्या कचेरीत माणसे नेमणाऱ्या खात्याकडून यादी येते आणि स्क्रिप्ट ती ओळीओळीने वाचते. ती ई-मेलचा पत्ता तयार करते, निरोपांच्या गटांत नाव घालते आणि तात्पुरता परवलीचा शब्द देते. शंभर माणसांचे काम चहा निवण्याच्या आत होते.

यंत्रांविषयी आपल्या संघटनांना भय वाटले, ते अकारण नव्हते. विमा व बँक कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढे दिले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने या प्रश्नावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ च्या सप्टेंबरात बँकांच्या संघटनांनी मालकपक्षाशी करार केला. संगणक कोठे व किती आणावयाचे, हे दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून ठरविले. आमच्या मते या इतिहासातील धडा हाच आहे: यंत्र अडविण्यापेक्षा यंत्राचा नियम ठरविताना आपण तेथे हजर असणे महत्त्वाचे.

एक अनुभव सांगतो. एका आस्थापनेत कंत्राटावर लागलेली एक मुलगी आमच्याकडे आली. नेमणुकीचा कागद तिच्या हातात होता, कामही ती रोज करीत होती. पण हजेरी लागे ती संगणकावरच्या खात्यातून, आणि खाते उघडले एकोणीस दिवसांनी. तेवढ्या दिवसांचा पगार कापला गेला. आम्ही चौकशी केली. स्क्रिप्ट रोज रात्री बिनचूक चालत होती. कंत्राटदाराची यादीच तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. स्क्रिप्ट दस्तुरी मागत नाही, जात विचारीत नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ती यादीपलीकडचे काही पाहत नाही. जुना जॉबर फाटकावर दिसे, त्याच्याशी भांडता तरी येई. नवा जॉबर यादीत जाऊन बसला आहे.

आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. एकच आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. लग्नानंतर बायकांची नावे बदलतात. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून बारा अंकी क्रमांक आला, ही सोय चांगलीच. पण त्या खात्यातले आणि आधारवरचे नाव जुळले नाही की स्वतःचाच पैसा अडकतो. स्क्रिप्टला एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरा माणूस.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कायम असो वा कंत्राटी, कामाच्या पहिल्या दिवशी खाते मिळावे. यंत्राची चूक असेल तर हजेरी कागदावर धरावी. यादीत नाव कोण घालतो हे लेखी जाहीर असावे. लेखी हुकुमावाचून कोणाचे खाते बंद होऊ नये. सोडून गेलेल्या माणसाचे खाते मात्र त्याच दिवशी बंद व्हावे, नाहीतर त्याच्या नावावर दुसराच कोणी कारभार करील. आणि कोणाचे खाते कोणाच्या आज्ञेने केव्हा उघडले वा मिटले, याची नोंद स्क्रिप्टनेच ठेवावी व ती कामगाराला पाहता यावी. हे शेवटचे काम यंत्राला दोन ओळींचे आहे. ते करावयाचे की नाही, हे ठरविणारी माणसेच आहेत.

बदली कार्डाने जे पुठ्ठ्यावर आणले, ते आता पडद्यावर आणावयाचे आहे.