पायाची नियोजित शस्त्रक्रिया : धाराशिव जिल्ह्यातील खर्चाचा विचार

पायाची शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास किती खर्च येईल, असा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. तथापि खर्च कशाकशाचा बनतो हे ठाऊक असेल, तर तो आटोक्यात ठेवता येतो, असे आम्हांस वाटते.

नियोजित शस्त्रक्रिया म्हणजे काय

जी शस्त्रक्रिया आजच केली नाही तर जीवाला किंवा अवयवाला धोका नाही, तीस नियोजित शस्त्रक्रिया म्हणतात. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन अंगठा शेजारच्या बोटावर कलणे, बोटे वाकडी होणे, पुनःपुन्हा होणारे कुरूप, जुनाट टाचदुखी ही तिची नेहमीची कारणे होत. यांतील बहुतेक त्रासांवर आधी साधे उपाय करून पाहावयाचे असतात. टाचदुखी बहुतेकांच्या बाबतीत व्यायाम, मऊ तळव्याची पादत्राणे व विश्रांती यांनी काही महिन्यांत कमी होते. कुरूप कापून काढले तरी त्या जागेवरील दाब कायम राहिल्यास ते पुन्हा येते. केवळ पाऊल सुंदर दिसावे म्हणून शस्त्रक्रिया करणे हितावह नाही.

मधुमेहाच्या रुग्णाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या पायाची जखम चिघळली, तर तिथे थांबणे धोक्याचे असते. तिला नियोजित म्हणता येत नाही.

रुग्णालयाचे बिल

बिलात शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार, खोलीचे भाडे, रक्ततपासणी व क्ष-किरण, औषधे आणि हाडात बसवावयाची तार, स्क्रू वा पट्टी असे स्वतंत्र घटक असतात. एका रुग्णालयाने सांगितलेल्या रकमेत हे सर्व असते, तर दुसऱ्याच्या रकमेत तार-स्क्रू व औषधे धरलेली नसतात. म्हणून दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांत काय काय धरले आहे, हे लेखी मागून घ्यावे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दर विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

बिलाबाहेरचा खर्च

आमच्या मते, या जिल्ह्यात खरा भार येथेच पडतो. अंगठ्याचे हाड सरळ केल्यानंतर ते जुळण्यास साधारण सहा आठवडे लागतात, आणि शेतातील कामावर परतण्यास त्याहून अधिक. उदाहरणादाखल हिशेब करू. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामावरील राज्यातील मजुरी ३१२ रुपये होती. दहा आठवड्यांचे साठ कामाचे दिवस बुडाले, तर १८,७२० रुपये गेले. सोबत राहणाऱ्या नातलगाचे दहा दिवस धरल्यास आणखी ३,१२० रुपये. म्हणजे शस्त्रक्रिया मोफत झाली, तरी मजुराच्या घरातून २१,८४० रुपये गेलेले असतात. सावकाराचे कर्ज बहुधा या रकमेसाठी काढावे लागते, आणि या रकमेचा विचार आधी कोणी करीत नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी तर दिवस फार जपून निवडावेत. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कारखान्यावर जावयाचे असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस केलेली शस्त्रक्रिया हंगाम बुडवील. हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या आरंभी ती केल्यास पेरणीपर्यंत पाय टेकता येण्याची शक्यता अधिक.

कोठे जावे

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाखाली येतात. तेथे अल्प शुल्क लागू शकते. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुळजापूरकरांना सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, कळंबकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर पूर्वेकडील गावांना लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था सोयीची पडते. टाके काढणे व तपासणी यांसाठी तीन-चार फेऱ्या होतात, म्हणून अंतराचाही विचार करावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली असून, आयुष्मान भारत योजनेसह कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र उपचारांची यादी ठरलेली आहे व नियोजित शस्त्रक्रियेस पूर्वमंजुरी लागते. आपल्या पायाचे नेमके दुखणे त्या यादीत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे.

धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवावयाच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका सोबत असावी.

बालकांचे जन्मतः वाकडे पाऊल हा वेगळा विषय आहे. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लॅस्टर बदलण्याचे उपचार सुरू केले, तर मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते. येथे विलंब हाच सर्वांत महाग पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. कुष्ठरोगामुळे लोंबणाऱ्या पावलाच्या शस्त्रक्रियेसाठीही शासकीय कार्यक्रमातून मदत मिळते.

होकार देण्यापूर्वी

डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? सर्व घटक धरून लेखी अंदाज किती? पाय किती आठवडे टेकता येणार नाही? जखम चिघळल्यास पुढील खर्च कोणाचा? नियोजित शस्त्रक्रियेत रुग्णाच्या हाती एक गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. घाईने होकार देऊन ती गमावू नये. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, कागदपत्रे जुळवावीत, घरातील कामाची वाटणी करावी आणि मगच तारीख ठरवावी.