'सिन्सिअरली'चं मेण आणि आपला 'मुख्लिस'

पत्रलेखन शिकवताना 'युअर्स सिन्सिअरली'ची एक गोष्ट मी वर्गात बरीच वर्षं सांगत आलो. रोमचे लबाड मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत, म्हणून सच्चे कारागीर आपला माल 'सिने सेरा', म्हणजे बिनमेणाचा, असं सांगून विकत. मुलं खूश होत. गोष्ट मात्र बनावट निघाली! कोशकार ती मानत नाहीत. लॅटिन 'सिन्सेरस' म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला, इतकंच.

उर्दू पत्राखाली आपण 'मुख्लिस' लिहितो, त्याचाही अर्थ निर्भेळच. अरबी धातू ख-ल-स : शुद्ध होणं, सुटणं. खालिस, खुलूस, इख्लास त्यातलेच. सूरह इख्लास घरातल्या लहान पोरांनाही पाठ असते, पण तिच्या चारही आयतींत 'इख्लास' हा शब्द येत नाही.

मराठीतले खुलासा आणि खलास याच घरचे. खालसाही. मुघल महसुलात 'खालिसा' म्हणजे जहागीरदाराचा वाटा नसलेली, थेट बादशाही खजिन्याची जमीन. डलहौसीने १८४८ साली साताऱ्याचं राज्य 'खालसा' केलं, असं आपण आजही याच शब्दात शिकवतो.